पर्यावरणाचा तास आणि गावच्या पाण्याचा हिशेब

५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाला, महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. शाळा भरतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहूनही उशिरा. मग पहिल्या आठवड्यात तो दिवस उरकला जातो: घोषवाक्यांची फेरी, चार खड्डे, एका रोपाला सहा हात आणि फोटो. अनेक तालुक्यांत तोवर पेरणीजोगा पाऊसही झालेला नसतो. तालुक्याला अहवाल जातो आणि वर्षभराचं पर्यावरण संपतं.

हा विषय सक्तीचा झाला तो न्यायालयामुळे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिकवण्याविषयी निर्देश दिले. ते कागदावरच राहिले, म्हणून १८ डिसेंबर २००३ रोजी पुन्हा आदेश काढून राज्यांना अंमलबजावणी करायला लावली. आज आपल्या राज्य शिक्षण मंडळात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. अडचण पुस्तकांची नाही. विषयाला गुणांऐवजी श्रेणी असल्यामुळे त्याचा तास गणिताला किंवा इंग्रजीला जातो आणि उपक्रमाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात, ही खरी अडचण.

शाश्वत विकासाची १९८७ सालची व्याख्या मुलांना पाठ असते: भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास. वाक्य चांगलं आहे. पण आपलं गाव त्यात बसतं की नाही, हे त्यावरून कोणालाच ठरवता येत नाही. पाण्यापुरतं ते ठरवता येतं, आणि त्यासाठी दहावीपर्यंतचं गणित पुरतं. जमिनीत जेवढं मुरलं त्याहून जास्त उपसलं, तर व्यवहार शाश्वत नाही. म्हणून माझं मत असं की, शाळेत एकच मोठा उपक्रम करायला वेळ असेल तर तो गावच्या पाण्याचा ताळेबंद असावा. माती, गवत, पीक, गुरं आणि माणसं त्यात आपोआप येतात.

सुरुवात पर्जन्यमापकापासून. कापलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीला पट्टी चिकटवून केलेलं मापक सगळीकडे दिसतं आणि बहुतेक ठिकाणी चुकीचं मोजतं. बाटलीचा तळ फुगीर असतो, मधे कंबर असते, त्यामुळे पट्टीवरचा सेंटिमीटर हा पावसाचा सेंटिमीटर राहत नाही. बाटलीच वापरायची तर बाजू सरळ असलेली घ्यावी, तळातला फुगवटा बुडेल इतके खडे आणि पाणी घालून तिथे शून्याची रेघ मारावी. त्याहून सोपा आणि अचूक मार्ग म्हणजे नरसाळं आणि कॅन. नरसाळ्याचं तोंड आतून २० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी होतं, म्हणजे १ मिमी पाऊस पडला की कॅनमध्ये ३१.४ मिलिलिटर पाणी. प्रयोगशाळेतल्या १०० मिलीच्या मोजनळीने पाणी मोजायचं आणि ३१.४ ने भागायचं. ५ लिटरचा कॅन १५९ मिमीला भरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर १० लिटरचा लावा, नाहीतर नेमक्या मोठ्या पावसाचीच नोंद हुकते.

व्यास मोजताना आळस नको. तीन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. २१ सेंमीचं नरसाळं २० सेंमीचं समजलं तर क्षेत्रफळात दहा टक्क्यांची चूक होते, आणि ती वर्षभर प्रत्येक आकड्यात राहते. उथळ नरसाळ्यातून जोराच्या सरीचे थेंब उसळून बाहेर जातात, म्हणून त्याच मापाच्या पीव्हीसी पाइपचा १० सेंमी उंचीचा तुकडा कापून काठावर उभा चिकटवावा. तसं केल्यास आता त्या पाइपचा आतला व्यास धरायचा, नरसाळ्याचा नाही.

मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर आणि समपातळीत असावं. त्याहून खाली ठेवलं तर चिखलाचे शिंतोडे आत येतात. गच्चीवर ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे चेंडू लागत नाही. पण गच्चीवर वारा जास्त, आणि वाऱ्यात मापक पाऊस कमी पकडतं. इमारत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर जागा शोधावी. वेळ सकाळी साडेआठची, कारण हवामान खातं त्याच वेळेला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं. वेळ पाळली तर महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्याशी तुलना करता येते. मंडळाचं केंद्र आणि शाळा यांत काही किलोमीटरचं अंतर असलं तरी एकाच दिवशीच्या आकड्यांत मोठा फरक पडू शकतो. ‘आपल्याकडे पडलाच नाही आणि कागदावर अतिवृष्टी’ या गावातल्या नेहमीच्या वादामागचं कारण मुलांना तिथेच कळतं.

रविवार हा खरा शत्रू. सोमवारी कॅनमध्ये दोन दिवसांचं पाणी असतं आणि मुलं ते सोमवारच्या नावावर लिहून टाकतात. महिन्याची बेरीज त्याने बिघडत नाही, पण पावसाच्या दिवसांची मोजणी बिघडते (२.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस). अशा नोंदीपुढे ‘दोन दिवसांचा एकत्र’ असं लिहायची सवय लावावी. शाळेजवळ घर असलेल्या मुलाला सुट्टीची पाळी दिली तर आणखी चांगलं.

पाचवी ते सातवीपर्यंत एवढं पुरे. आठवीपासून विहिरी घ्याव्यात.

सहा ते आठ विहिरी निवडायच्या: दोन माथ्यावरच्या, दोन-तीन मधल्या आणि बाकीच्या पायथ्याच्या. सगळ्या विहिरी नाल्याकाठच्या निवडल्या तर गावात पाणीच पाणी दिसतं. बंधाऱ्याला किंवा कालव्याला लागून असलेली विहीर सरासरीत धरू नये, तिची नोंद वेगळी ठेवावी. कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊच नये. कठडा असला तरी दोर सोडायचा तो शिक्षकाने किंवा विहीरमालकाने, मुलांनी दोन हात मागे उभं राहून आकडा लिहायचा. यात तडजोड नाही.

मोजायला न ताणणारा दोर हवा. सुती दोर ओला झाला की लांबी बदलते. नायलॉनला वजन लावलं की तो ताणतो. फायबरचा मोजपट्टा सगळ्यात बरा. टोकाला लहान पोकळ धातूची वाटी उपडी बांधावी, ती पाण्याला टेकली की ‘डुब्’ असा आवाज येतो आणि खोल विहिरीतही पातळी सापडते. मग पट्ट्यावरच्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. वाटीमुळे जेवढी लांबी वाढली तेवढी मिळवायला विसरू नये. कठड्यावर ज्या जागेवरून मोजलं तिथे ऑइलपेंटने खूण करावी. दर वेळी वेगळ्या बाजूने मोजलं तर वीत-दीड वितीचा फरक सहज पडतो.

सगळ्यात मोठी गफलत चालू पंपाची. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर पातळी खाली गेलेली असते, ती भूजलाची पातळी नव्हे. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, त्यामुळे ‘पहाटे मोजा’ हा पुस्तकी सल्ला पुरत नाही. मालकाला विचारून, निदान आठ-दहा तास उपसा झालेला नसताना मोजावं आणि शेवटी मोटर कधी बंद झाली ते वहीत लिहावं. गावात वापरात नसलेली एखादी जुनी विहीर असेल तर ती सोन्यासारखी, कारण तिची पातळी आसपासच्या जमिनीची खरी पातळी दाखवते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेने महिन्यातून एकदा मोजलं तर आलेख बराच बोलका होतो. त्यातल्या दोन नोंदी मात्र चुकवायच्या नाहीत: मे अखेरची आणि सप्टेंबर अखेरची. मेमध्ये शाळा बंद असते, म्हणून ती जबाबदारी आधीच कोणाच्या तरी नावावर टाकावी.

आता हिशेब. गावांत हल्ली टीसीएम हे माप रुळलं आहे: एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर, १० हजार लिटरचे शंभर टँकर. एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० हजार लिटर. म्हणून १०० हेक्टरवर १ मिमी म्हणजे नेमका एक टीसीएम. एवढं सूत्र फळ्यावर कायम ठेवावं.

समजा गाव ८०० हेक्टरचं, पाऊस ५०० मिमी. आभाळातून आलं ४,००० टीसीएम. आकडा ऐकून मुलं खूश होतात. मग विहिरींकडे वळायचं. मे ते सप्टेंबर पातळी सरासरी ३ मीटर वर आली. मुलं लगेच ८०० हेक्टर गुणिले ३ मीटर करून २४,००० टीसीएम काढतात, म्हणजे पडलेल्या पावसाच्या सहापट! ही चूक त्यांना करू द्यावी, कारण उत्तर अशक्य आहे हे त्यांनीच ओळखलं पाहिजे. विहिरीच्या खड्ड्यात पाणी आहे, पण भोवतालच्या जमिनीत आहे तो दगड. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भूभाग बेसाल्टचा आहे. झिजलेल्या, फटी असलेल्या बेसाल्टमध्ये उपसता येईल असं पाणी एकूण घनफळाच्या साधारण २ टक्केच असतं. अखंड काळ्या पाषाणात त्याहूनही कमी, नदीकाठच्या वाळूच्या गाळात मात्र दहा टक्क्यांच्या वर. तर २४,००० चे २ टक्के, म्हणजे ४८० टीसीएम. पडलेल्या पावसाचे बारा टक्के. बाकीचं वाहून गेलं, बाष्प झालं, मातीत ओल म्हणून राहिलं किंवा पिकांनी आणि गवताने वापरलं. भूगोलातला खडक, गणितातली टक्केवारी आणि विज्ञानातलं जलचक्र इथे एकाच उदाहरणात भेटतात.

आता खर्च. माणसं १,५०० आणि जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला ३० टीसीएम. मोठी जनावरं ६००, रोज ६० लिटर धरले तर १३. म्हणजे अख्ख्या गावाचं आणि गुरांचं पिण्याचं पाणी ४३ टीसीएमवर भागतं. इथपर्यंत कोणालाच काळजी वाटत नाही.

पिकांचं पाणी पाळ्यांवरून, म्हणजे पिकाला किती वेळा पाणी दिलं त्यावरून काढावं. ते घरच्यांना विचारून मुलांना कळतं. पाटाने दिलेली एक पाळी म्हणजे जवळपास ७५ मिमी, हेक्टरी पाऊण टीसीएम. रब्बी ज्वारी ओलीवर येते, एक संरक्षित पाळी धरली तर १०० हेक्टरला ७५ टीसीएम. हरभऱ्याला दोन पाळ्या, ६० हेक्टरला ९०. रब्बी कांद्याला हलक्या पण आठ-दहा पाळ्या लागतात, हेक्टरी ६ धरून ३० हेक्टरला १८०. आणि ऊस: वर्षाची गरज २,००० मिमीच्या आसपास, त्यातले ऑक्टोबर ते मे या काळात १,४०० धरले तर हेक्टरी १४; २० हेक्टरला २८०. पिकांची बेरीज ६२५, पिण्याचे ४३ मिळवून ६६८. हाताशी ४८०. तूट १८८ टीसीएमची.

वीस हेक्टर ऊस पाच हेक्टरवर आणला तर २१० टीसीएम वाचतात आणि गाव तुटीतून बाहेर येतं, हे मुलंच शोधतात. अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याइतकं पाणी दोन-सव्वादोन हेक्टर ऊस आठ महिन्यांत पितो, हेही त्यांच्याच लक्षात येतं. ‘ठिबक केलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. ठिबकने एकरी पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर लावला तर ताळेबंद आहे तिथेच राहतो. दोन्ही गणितं करून घ्यावीत.

हिशेबातल्या कच्च्या जागाही उघड सांगाव्यात. ४८० टीसीएम सगळे उपसता येत नाहीत, कारण पावसाळा संपला की भूजल नाल्याकडे झिरपत राहतं. न वापरलेल्या विहिरीची पातळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपोआप उतरते ती त्यामुळे. बंधाऱ्यात, शेततळ्यात साठलेलं पाणी वेगळं मोजून मिळवायचं, पण त्यातलं काही विहिरींत आधीच मुरलेलं असतं, ते दोनदा धरलं जाऊ नये. खोल बोअरचं पाणी या हिशेबात येतच नाही. ज्या गावात विहिरी कोरड्या आणि बोअर चालू असतात तिथे हा ताळेबंद खोटा दिलासा देतो, आणि शिक्षकाने ते आधीच सांगितलेलं बरं.

पिकांचं क्षेत्र कुठून आणायचं? ई-पीक पाहणीच्या नोंदींतून, तलाठ्याकडून, गावाची बेरीज म्हणून. घरोघरी जाऊन ‘तुमचा ऊस किती’ असं मुलांना विचारायला लावू नये. वर्गात कोणाच्या बापाचं नाव फळ्यावर आलं की उपक्रम तिथेच संपला. गावाची बेरीज, पिकांची नावं आणि टीसीएम, एवढ्यावरच बोलावं.

वेळ साधणं फार महत्त्वाचं. डिसेंबरमध्ये मांडलेला ताळेबंद प्रदर्शनातल्या तक्त्याच्या कामाचा. रब्बीची पेरणी तोवर झालेली असते. ३० सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि महिनाअखेरची विहिरींची पातळी धरून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आकडे मांडता येतात, कारण काय पेरायचं ते त्याच दिवसांत ठरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं: दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा हिशेब, त्यानुसार पिकं, शेतीसाठी बोअरला बंदी, ऊस-केळीला मनाई. तिथली सहल काढून परत येण्यापेक्षा आपल्या गावाचं एक पानाचं कोष्टक करणं जास्त उपयोगाचं. ग्रामसभा ऐकेलच असं नाही. बहुधा पहिल्या वर्षी नाहीच ऐकत. मार्चमध्ये विहिरी आटल्या की मात्र लोक ऑक्टोबरचा कागद शोधतात.

पाणी मुरतं कुठे, हे दाखवायला एक छोटा प्रयोग पुरतो. १५ सेंमी आतल्या व्यासाचा, १५ सेंमी लांबीचा पाइपचा तुकडा, खालची कड घासून धारदार केलेली. लाकडी फळी वर ठेवून तो ५ सेंमी जमिनीत ठोकायचा. आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर ४४० मिली पाणी ओतायचं, म्हणजे अडीच सेंमी पाऊस झाला. कागद अलगद काढून घ्यायचा आणि घड्याळ सुरू करायचं. कागद न घालता ओतलं तर माती ढवळून छिद्रं बुजतात. पहिलं पाणी जिरल्यावर लगेच दुसऱ्यांदा तेवढंच घालायचं. नोंदवायची ती दुसरी वेळ, कारण कोरडी माती पहिलं पाणी भराभर ओढते. झाडाखालचा पाला, नांगरलेलं शेत आणि शाळेचं मैदान अशा तीन जागी केलं की फरक मिनिटांत दिसतो. मैदानावर पाणी तासभर उभं राहू शकतं, तेव्हा ती जागा तासाच्या सुरुवातीलाच लावावी. काळ्या भेगाळ जमिनीत हा प्रयोग उन्हाळ्यात करू नये: पाणी भेगेतून खाली जातं आणि चिकण काळी माती सगळ्यांत जास्त पाणी मुरवते असा उलटाच निष्कर्ष निघतो.

गवताचं शिक्षण आपल्याकडे जवळपास होतच नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. माळरान म्हणजे रिकामी जागा, तिथे झाडं लावली की पर्यावरण सुधारलं, असा समज शाळेतूनच पक्का होतो. लांडगा, काळवीट, तणमोर, माळढोक ही माळावरचीच मंडळी. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य माळढोकसाठीच आहे. अशा माळावर ओळीने ग्लिरिसिडिया किंवा गुलमोहर लावणं म्हणजे चालू घर पाडून दुसरं बांधणं. कोकणातल्या सड्यांचंही तेच: मेमध्ये उजाड दिसणारा कातळ ऑगस्टमध्ये फुलांनी भरतो. शाळेजवळ गायरान असेल तर ग्रामपंचायतीला विचारून ५ बाय ५ मीटरचा तुकडा बाभळीच्या काट्यांनी बंद करावा आणि शेजारी तेवढाच तुकडा खुला सोडावा. पावसाळ्यानंतर दोन्हीकडे १ मीटरची चौकट टाकून पाहायचं: गवत किती टक्के, उघडी माती किती, गवतांचे प्रकार किती. बंद तुकड्यात मारवेल, पवन्या यांसारखी गुरांना आवडणारी गवतं परत येतात का, की कुसळीच राहते, हे दोन-तीन वर्षांत कळू लागतं.

चौकट हवेत फेकू नये, मुलं नकळत हिरव्या जागेकडेच फेकतात. चिठ्ठ्या काढून किती पावलं सरळ आणि किती उजवीकडे ते ठरवावं. काठापासून एक मीटर सोडूनच चौकट टाकावी. गवताला बी धरून गेल्यावर अर्धा बाय अर्धा मीटर जागेतलं गवत कापून, उन्हात वाळवून, लागोपाठ दोन दिवस वजन सारखं येईपर्यंत थांबावं. ५० ग्रॅम निघालं तर हेक्टरी २ टन चारा. गाजरगवत दिसलं तर मोजावं, उघड्या हाताने उपटू नये. त्याने त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होते, आणि एखाद्या मुलाच्या हातावर पुरळ उठलं की पुढच्या वर्षी पालक परवानगी देत नाहीत. जमलेल्या नावांची यादी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी. २००२ च्या कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवही करणं हे त्या समितीचं काम आहे, आणि बहुतेक नोंदवह्यांत गवताची पानं कोरीच असतात.

गुण देताना सुबक वहीला देऊ नयेत. एक साधी कसोटी आहे: सगळ्या मुलांचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर कोणीतरी एकानेच मोजलंय. मोजणीत फरक येणारच. तो का आला हे ज्याला सांगता येतं त्याला वरची श्रेणी द्यावी. आणि चुकलेला आकडा खोडरबरने पुसू देऊ नये. आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्त आकडा आणि कारण लिहायला लावावं.

एका वर्षाच्या आकड्यांना फार अर्थ नसतो. पाऊस वर्षागणिक दुप्पट-निम्मा होतो, त्यामुळे किमान पाच वर्षांची नोंद हवी. नेमकी तिथेच साखळी तुटते. उपक्रम एका शिक्षकाचा असतो, त्यांची बदली होते, वही कपाटात जाते आणि मापकाच्या कॅनमध्ये कोणीतरी फिनेल ठेवतं. यावर उपाय कार्यालयीनच आहे: पर्जन्यमापक, मोजपट्टा आणि नोंदवही शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढवावी, म्हणजे चार्ज देताना-घेताना ती दाखवावीच लागते. नोंदवहीच्या पहिल्या पानावर नरसाळ्याचा व्यास, मापकाची जागा, विहिरींचे गट क्रमांक, प्रत्येक कठड्याची उंची आणि ऑइलपेंटच्या खुणेची दिशा लिहून ठेवावी. नव्या शिक्षकाला तेवढ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पहिली नोंद घेता येते.